सुट्टी पहिल्यापासून मोजावी

मागणीत फट ठेवायची नाही, हे मी पुण्यात होस्टेलच्या मेसमध्ये शिकले. वरण पातळ मिळतं म्हणून आम्ही आयुष्यातलं पहिलं पत्रक काढलं आणि त्यात ‘वरण दाट असावे’ एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी मेसवाल्यानं वरणात कणीक कालवली. वरण दाट झालं. आम्ही पोट धरून तीन दिवस झोपलो आणि मेसवाला पत्रक दाखवून सगळ्यांना सांगत फिरला की मुलींची मागणी मान्य केली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मागणीला उपकलम असतं.

ही सवय घेऊनच मी जर्मनीत आले. डार्मश्टाटला एमएस केलं आणि लान नदीकाठच्या एका लहान गावात पंप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी धरली. नदी सुंदर, गाव सुंदर, आणि कारखान्यात लोक जेवणाच्या सुट्टीत एका हातात पाव आणि दुसऱ्या हातात माउस धरून बसलेले. मी महिनाभर बघितलं आणि मग लिहायला बसले. आमचा सात जणांचा गट होता. आम्ही कारखाने, दुकानं, टपाल, नगरपालिका असं सगळीकडं वाटायला एक पत्रक काढलं. कलम एक, जेवणाची सुट्टी ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. कलम दोन आणि तीन आता मलाही आठवत नाहीत. कलम चार मात्र पाठ आहे: सुट्टीत कोणत्याही कारणाने व्यत्यय आल्यास ती सुट्टी पहिल्यापासून मोजावी.

माझं जर्मन तपासायचं काम घरमालकीणबाईंचं. वय ऐंशी, निवृत्त शिक्षिका. आडनावानं हाक मारायची रीत होती, आम्ही तीन वर्षं एका छपराखाली एकमेकींना ‘झी’, म्हणजे ‘तुम्ही’च, म्हणत होतो. मनातल्या मनात मात्र मी त्यांना शाळेतल्यासारखं नुसतं ‘बाई’ म्हणायची, कारण त्यांची लाल पेन्सिल कानामागं खोचलेली असायची. कलम चारपाशी ती पेन्सिल थांबली.

“हे फार कडक आहे,” बाई म्हणाल्या.

“कडकच हवं.”

“हवंच. पण मग तुम्हालाही लागू होईल.”

“मला कसं लागू होईल? मी कुणाला जेवताना उठवते?”

बाईंनी एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि कागद परत दिला.

घरात तिसरा प्राणी म्हणजे त्यांचा कुत्रा. डाकेल जातीचा, लांबुळका, पाय नावापुरते, पोट जमिनीला पुसत चालणारा. बाईंच्या दिवंगत नवऱ्यानं आपल्या कारखान्यातल्या साहेबावरून त्याला ‘हेर डिरेक्टर’, म्हणजे ‘संचालकसाहेब’, म्हणायला सुरुवात केली होती, कारण दोघंही स्वतः काही करत नसत आणि काम करणाऱ्यांवर भुंकत. त्याचं माझं पटलं नाही. माझ्या व्हिसाच्या कागदांसाठी मी कचेरीत चार खेपा घातल्या होत्या. या कुत्र्याची नोंद एका खेपेत झालेली, तो तिथला कुत्र्यांवरचा कर भरायचा आणि गळ्यात सरकारी बिल्ला घालून माझ्यासमोरून ऐटीत जायचा. शिवाय चाक असलेल्या प्रत्येक वस्तूवर त्याचा राग. सायकल, बाबागाडी, माझी सामानाची बॅग, आणि सगळ्यात जास्त म्हाताऱ्यांचा रोलाटोर, म्हणजे ती चार चाकांची, पुढं ढकलत चालायची गाडी.

हे रोलाटोरचं महत्त्वाचं आहे. त्या हिवाळ्यात बाई जिन्यावरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण त्यांनी दुसऱ्याच दिवशी वृद्धाश्रमांची यादी मागवली. मी लगेच भाषण सुरू केलं. समाज म्हाताऱ्यांना कसा अडगळीत टाकतो वगैरे, दोन परिच्छेद तयारच होते. बाईंनी ऐकून घेतलं.

“कोणता समाज?” त्या म्हणाल्या. “मी स्वतः जातेय. तिथं न्हाणीघराला पायरी नाही आणि खिडकीतून नदी दिसते. या घरात पायरी आहे, नदी नाही.”

अडचण एकच. कुत्रा चालणारा वृद्धाश्रम अख्ख्या खोऱ्यात एकच होता, नदीच्या खालच्या अंगाला, आणि तिथं तळमजल्यावर एकच खोली मे महिन्यात रिकामी झाली. पण आधी कुत्र्याची परीक्षा. गुरुवारी दुपारी तीन वाजता त्यानं बैठकीच्या खोलीत दहा मिनिटं शांत पडून राहायचं आणि समोरून चार रोलाटोर न्यायचे. भुंकला तर नापास. तीनला हजर नसेल तर खोली यादीतल्या पुढच्या माणसाला.

“त्याच्याशिवाय मी जाणार नाही,” बाई म्हणाल्या, “आणि या जिन्यावर आणखी एक हिवाळा काढणार नाही.” दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच सुरात सांगितली, त्यामुळं मला वाद घालायला जागा सापडली नाही.

आता खरं सांगून टाकते. बाई गेल्या की घर विकलं जाणार होतं आणि माझी खोली जाणार होती. त्या गावात भाड्याची खोली मिळणं म्हणजे काय, हे ज्यानं शोधली त्यालाच विचारा. तेव्हा कुत्रा नापास होण्यात माझा फायदा होता. हे मला कळत होतं आणि कळलेलं आवडत नव्हतं.

हेर डिरेक्टरना मोटारीत उलटी व्हायची. टॅक्सीत व्हायची, बसमध्ये व्हायची. फक्त आगगाडीत नाही. म्हणून गाडीनं जायचं ठरलं. बुधवारी संध्याकाळी मी स्टेशनसमोरून पत्रकं वाटून घरी आले.

“कशाची पत्रकं?” बाईंनी विचारलं.

“उद्या आगगाडीवाल्यांचा संप आहे. आमचा पाठिंबा.”

“उद्या.”

“हो. मागण्या अगदी योग्य—” आणि मग माझ्या लक्षात आलं.

बाई उठल्या. भिंतीवरची एक किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. नवऱ्याच्या बोटीची किल्ली.

ही बोट नवऱ्यानं स्वतः बांधली होती, गॅरेज आणि शेजाऱ्याचं कुंपण यांच्यामधल्या बोळात. बोळ जेवढा रुंद तेवढीच बोट रुंद. लांबी मात्र मनसोक्त. लांब, बुटकी, पोट पाण्याला लागलेलं. कुत्रा तिच्या टोकावर उभा राहिला की बोटीनं आपलंच पिल्लू पुढं बसवलंय असं वाटायचं. इंजिन एवढं लहान की चालवायला परवाना लागत नव्हता. बाई दर उन्हाळ्यात दोनदा ती बाहेर काढत. सुकाणू त्यांच्याकडं, कारण त्यांना यायचं. दोर माझ्याकडं, कारण मला गुडघे होते.

आम्ही सकाळी नऊला निघालो. काठावरून पळणारा एक माणूस आम्हाला मागं टाकून गेला. थोड्या वेळानं तोच माणूस परत येताना भेटला आणि त्यानं हात केला. पाणी हिरवं, दोन्ही बाजूंना चढणीवर झाडी. बाईंनी डोक्यावर नवऱ्याची टोपी घातली होती. मी पोळ्या आणि बटाट्याच्या भाजीचा डबा आणला होता, पोळ्यांना तूप भरपूर, कारण दिवस कसा जाईल सांगता येत नव्हतं. कुत्रा डब्याकडं बघत होता. मी कुत्र्याकडं बघत होते.

वाटेत तीन ठिकाणी श्लॉयझे होती. नदीला पायरी असते तिथं हे बांधतात: दोन दरवाज्यांमधला पाण्याचा हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी सोडायचं, बोट हौदाच्या तळाशी गेली की पुढचं दार उघडायचं. दारं उघडायला तिथं माणूस असतो. बाईंनी मला बजावलं, “वरच्या खुंट्याला दोर नुसता घालायचा आणि हातात धरायचा. पाणी उतरेल तसा सोडत जायचा. बांधायचा नाही.”

मी बांधला. मी काम करते ते पक्कं करते. पाणी उतरायला लागलं, बोटीचं मागचं टोक खाली गेलं आणि पुढचं टोक माझ्या गाठीला लटकून वर राहिलं. कुत्रा माझ्या पायापासून निसटत बाईंच्या पायापर्यंत गेला, डबाही गेला.

“तुम्ही बांधलात,” बाई म्हणाल्या.

“सुटू नये म्हणून.”

“सुटायलाच हवा होता.”

तिथल्या माणसानं पाणी पुन्हा भरून आम्हाला वर उचललं, माझी गाठ सोडली, आणि मग सगळं पहिल्यापासून केलं. त्यात अर्धा तास गेला. बाईंचा हिशेब होता की बाराच्या आधी दुसरं श्लॉयझे गाठायचं. आम्ही तिथं पोचलो तेव्हा बारा वाजून सात मिनिटं झाली होती आणि दार बंद होतं.

काठावर एक लाकडी खोपटं. खिडकीतून दिसत होतं की आत एक दांडगा, मिशीवाला माणूस जखमेवर मलम लावल्यासारखं हळुवारपणे पावावर लिव्हरचं सॉसेज पसरतोय. मी उडी मारून वर गेले आणि दार वाजवलं. दारावर एक कागद लावलेला होता, लॅमिनेट केलेला. माझ्या आईनं माझी डिग्रीसुद्धा लॅमिनेट केलेली नाही. कागद ओळखीचा वाटला, पण मी घाईत होते.

दार उघडलं. “काय?”

“माफ करा, पाच मिनिटांचं काम आहे. आम्हाला तीनला खाली पोचायचंय. ऐंशी वर्षांच्या बाई आहेत, त्यांच्या खोलीचा प्रश्न आहे—”

“पाऊझे,” तो म्हणाला. म्हणजे सुट्टी. “एक वाजता या.”

“कळतंय, पण माणुसकी म्हणून—”

त्यानं चाकूच्या टोकानं दारावरचा कागद दाखवला. “कलम चार. वाचा.”

मी वाचलं. मोठ्यानं वाचायला लावलं त्यानं.

“आता किती वाजले?”

“बारा दहा.”

“म्हणजे एक वाजून दहा मिनिटं. गेनाऊ,” म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणाला आणि दार लावून घेतलं.

मी बोटीवर परत आले. बाईंनी विचारलं, “काय झालं?”

“दहा मिनिटं वाढली.”

“कशानं?”

“मी दार वाजवल्यानं.”

बाईंनी टोपी थोडी मागं सरकवली, वर खोपट्याकडं पाहिलं, कागद पाहिला. लांबून अक्षरं दिसत नव्हती, पण स्वतः तपासलेला मजकूर शिक्षकाला आकारावरून ओळखता येतो. “आहा,” एवढंच म्हणाल्या. मग घड्याळ पाहिलं. एक दहाला सुटलो तर दोन, सव्वादोनपर्यंत तिसरं श्लॉयझे, आणि तीनला पोचणं जमण्यासारखं. “बसा,” त्या म्हणाल्या. “आणि कशालाही हात लावू नका.”

मी कशालाही हात लावला नाही. हे मी शपथेवर सांगते. मी बारा चाळीसपर्यंत बोटीच्या कडेला बसून स्वतःवर मनातल्या मनात एक पत्रक लिहीत होते. तेवढ्यात वरून आरडाओरडा ऐकू आला. मी वळून पाहिलं तर कुत्रा जागेवर नव्हता.

खोपट्याचं दार उन्हामुळं किलकिलं होतं. हेर डिरेक्टर बाहेर आले. तोंडात पाव नव्हता, कारण तो पोटात गेला होता. मागोमाग मिशीवाला, हातात रिकामा डबा उलटा धरून.

“दोन्ही,” तो म्हणाला. “जरा डोळा लागला, तेवढ्यात दोन्ही पाव खाल्ले.”

बाई धडपडत काठावर आल्या. मी हात दिला. त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, “कुत्रा माझा. आणि हे पत्रक या बाईंनी लिहिलंय. तपासलं मी.”

मला वाटलं हा आता आम्हाला तिघांनाही पाण्यात ढकलणार. त्यानं डबा खाली ठेवला, हात पँटला पुसला आणि माझ्याशी हस्तांदोलन केलं.

“वीस वर्षं मी इथं आहे,” तो म्हणाला. “वीस वर्षं अर्धा पाव या दरवाज्यापाशी खाल्ला आणि अर्धा त्या दरवाज्यापाशी. कुणीही भोंगा वाजवायचं, मी तोंडात घास घेऊन पळायचो. हा कागद साहेबाला दाखवला. त्यानं वाचला आणि म्हणाला, चौथं कलम तर मलाही हवंय. तेव्हापासून पोट दुखत नाही माझं.”

सवलत मागायला म्हणून उघडलेलं तोंड मी मिटलं.

“तर आता बारा चाळीस,” तो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. “व्यत्यय.”

“एक चाळीस,” बाई म्हणाल्या. “बरोबर आहे.”

त्या धक्क्यावरच्या बाकावर जाऊन बसल्या. एक चाळीसला सुटून तीनला पोचणं एरवीच्या हिशेबानं शक्य नव्हतं, तिसऱ्या श्लॉयझेवर पाणी भरायचीच वाट बघावी लागली असती. त्यांनी कुत्र्याच्या गळ्यातला बिल्ला सरळ केला, पुन्हा केला, पुन्हा केला. “चुकलं तर चुकलं,” त्या म्हणाल्या, पण मला नाही, त्याला. माझी खोली आता शाबूत राहणार होती, आणि मला ती खोली त्या क्षणी फुकट दिली तरी नको होती.

मला करण्यासारखं एकच होतं. मी आमचा डबा आणला आणि मिशीवाल्यापुढं ठेवला. कामगाराची सुट्टी उपाशी जाऊ नये, यावर तरी माझ्या कुठल्याच कलमाची हरकत नव्हती.

तो भाजीचा वास घेत म्हणाला, “तिखट?”

“नाही.”

दोन घासांनंतर त्याचं कपाळ घामानं चमकलं. “तुमच्याकडं याला ‘नाही’ म्हणतात?” पण खात राहिला. भाजी संपली. चार पोळ्या उरल्या, तुपानं निथळणाऱ्या. त्या त्यानं एकेक करून कुत्र्याला घातल्या. बाईंनी एरवी अडवलं असतं. त्या नदीकडं बघत बसल्या होत्या. मीही अडवलं नाही. दोन माणसांचं जेवण जेवून हेर डिरेक्टर आडवे झाले.

एक वाजून चाळीस मिनिटं झाली आणि तो माणूस बदलला. मिशी पुसली, टोपी घातली आणि पळत सुटला. दार उघडलं, आम्हाला आत घेतलं, झडपा सोडल्या, आणि पाणी उतरत असताना एका हातानं फोन लावला. खालच्या श्लॉयझेवरच्या माणसाला त्यानं सांगितलं की एक लांबट बोट येतेय, हौद भरून ठेव, दार उघडं ठेव, थांबवू नकोस. मी दोर हातात धरला होता. बांधला नव्हता.

“मेहेरबानी झाली,” मी वरती ओरडून म्हणाले.

“मेहेरबानी नाही,” तो म्हणाला. “आता कामाची वेळ आहे.”

तिसऱ्या श्लॉयझेचं दार सताड उघडं होतं. तीनला चार मिनिटं कमी असताना आम्ही वृद्धाश्रमाच्या धक्क्याला लागलो, आणि तिथं कळलं की परीक्षार्थी उठत नाही. बाईंनी हाक मारली, टाळी वाजवली. सॉसेज, दोन पाव आणि चार पोळ्या यांच्याखाली तो गाडला गेला होता. शेवटी त्याला घोंगडीत घालून आम्ही उचललं, डोक्याकडून बाई, शेपटीकडून मी. वजन माझ्याकडं.

परीक्षा घेणाऱ्या बाईंकडं फाइल होती आणि फाइलमध्ये छापील तक्ता. पहिला रोलाटोर गेला. कुत्रा घोरत होता. दुसरा गेला. तिसऱ्याचं चाक कुरकुरलं तेव्हा माझ्या बाईंनी माझं मनगट धरलं. चौथे आजोबा मुद्दाम हळू गेले, थांबले, वाकून बघितलं आणि निराश होऊन पुढं गेले.

“इतका शांत डाकेल मी पाहिला नाही,” त्या फाइलवाल्या बाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. “नेहमी असाच असतो?”

खोटं बोलायची मला सवय नाही, आणि बाईंनी आपली नजर माझ्यावरून काढून खिडकीकडं नेली होती, म्हणजे त्यांनी सगळं माझ्यावर सोडलं होतं.

“जेवल्यावर असतो,” मी म्हणाले.

“मग वेळेवर जेवायला घालत चला,” त्या म्हणाल्या आणि सही केली.

शिक्का मारल्याच्या आवाजानं हेर डिरेक्टर जागे झाले. समोर चौथे आजोबा परत येत होते. पुढची पाच मिनिटं त्या इमारतीत कुणाला कुणाचं ऐकू आलं नाही. शांत झाल्यावर आजोबा म्हणाले, “चला, इथं बोलणारं कुणीतरी आलं.” फाइलवाल्या बाईंनी फाइलकडं पाहिलं, कुत्र्याकडं पाहिलं आणि फाइल मिटली.

बाईंना खोली बघायला, कागद भरायला थांबायचं होतं. मी परत निघाले. संप चालूच होता, त्यामुळं नदीकाठच्या वाटेनं चालत. दुसऱ्या श्लॉयझेपाशी पोचले तेव्हा मिशीवाला खोपट्याला कुलूप लावत होता.

“मिळाली खोली?”

“मिळाली.”

“गेनाऊ,” तो म्हणाला, जसं काही त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

मी पेन काढलं आणि लॅमिनेटवर कलम चारच्या खाली लिहायला लागले: कुत्र्यामुळे आलेला व्यत्यय धरू नये. शाई प्लास्टिकवर धरत नव्हती. त्यानं बोटानं ती पुसून टाकली.

“हातानं लिहिलेलं चालत नाही. छापून आणा.”

मी रीतसर नवा मसुदा केला, उपकलमासहित, आणि बाई तिथं राहायला गेल्यावर एका रविवारी त्यांच्याकडं तपासायला घेऊन गेले. तोवर घराच्या फाटकावर विक्रीची पाटी लागली होती आणि मी खोल्या शोधत होते. बाई खिडकीत नदीकडं तोंड करून बसल्या होत्या, पायाशी कुत्रा, कानामागं पेन्सिल. त्यांनी मसुदा वाचला आणि उपकलमावर आडवी लाल रेघ मारली.

“का?” मी म्हणाले. “जर्मन चुकलंय?”

“जर्मन ठीक आहे,” बाई म्हणाल्या. “मागणीत फट पडते.”